तटाच्या आतले गाव

सिएना, रविवार रात्र

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

आज सिएनाजवळचे मोंतेरिज्जोनी हे तटबंदीचे गाव पाहून आलो. लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून तू किल्ले पाहिलेस, म्हणून हे पत्र आजच लिहायला घेतले.

आम्ही आब्बादिया आ इझोला या जुन्या मठापासून सुमारे चार किलोमीटर चालत गेलो. कँटरबरीहून रोमला जाणाऱ्या यात्रेकरूंची ही जुनी वाट. वळणावर टेकडीच्या माथ्यावरचा गोल तट आणि त्यातून डोकी वर काढलेले बुरूज एकदम समोर आले. इटालियन कवी दान्तेने नरकाच्या खाईच्या काठावर कमरेपर्यंत दिसणाऱ्या राक्षसांना याच बुरुजांची उपमा दिली आहे. त्याच्या काळी ते आजच्याहून बरेच उंच होते.

सिएनाकरांनी १२१९ च्या सुमारास हे गाव उभारले ते फ्लोरेन्सवर नजर ठेवण्यासाठी. तटाचा घेर जेमतेम ५७० मीटर, बुरूज चौदा, वेशी दोन: एक रोमकडची, दुसरी फ्लोरेन्सकडची. मधल्या चौकात एक विहीर, एक साधे दगडी चर्च आणि थोडी घरे. बाकी जागेत परसबागा व ऑलिव्हची झाडे. वेढा पडला तर भाजीपाला आतच पिकावा, ही त्यामागची सोय. आपल्या गडांवरची पाण्याची टाकी आणि धान्याची कोठारे आठवली.

फांजीचे, म्हणजे तटावरून चालण्याच्या वाटेचे, दोन तुकडे आता पाहणाऱ्यांसाठी खुले आहेत. तिथून एका बाजूला द्राक्षमळे दिसतात, तर दुसऱ्या बाजूला, अगदी पायाखाली, कोणाचे तरी परस. एका दोरीवर पांढरी चादर वाळत होती आणि खालच्या वाफ्यात टोमॅटोला काठ्यांचा आधार दिलेला होता. आपल्या बहुतेक गडांवर हे दृश्य आता दिसत नाही, याचे मला खरोखर वाईट वाटले.

१५५४ मध्ये वेढा पडला असता जोव्हान्निनो झेती या सरदाराने हे ठाणे शत्रूच्या स्वाधीन केले. तो मूळचा फ्लोरेन्सचाच, तिथून हद्दपार झालेला. इथले लोक आजही त्याला फितूर म्हणतात, आणि त्याचा आत्मा अजून भटकतो अशी दंतकथा सांगतात. शाळेत मीही असाच निवाडा पटकन देत असे. तिथे उभी असताना मात्र त्या दिवशी आतल्या परसात भाजी खुडणाऱ्या बाईला ही बातमी कोणी आणि कशी सांगितली असेल, हाच विचार मनातून जाईना.

तू येशील तेव्हा मोटारीने थेट वेशीपाशी जाऊ नकोस. मठापासून चालतच जा आणि उन्हे कलेपर्यंत थांब. आम्ही निघालो तेव्हा पर्यटकांच्या बसगाड्या गेल्या होत्या, चौकातल्या विहिरीच्या पायरीवर एक यात्रेकरू बूट काढून पाय चोळत बसला होता, आणि ती चादर कोणीतरी घरात नेली होती.

तुझी,
आई