भांड्यातला ताप

विनिपेग, ११ फेब्रुवारी

ती. दादा आणि सौ. वहिनी,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास, "पंधरा लिटर रेझिन बोलावलंय, अक्षय्य तृतीयेच्या आत टेबल तयार!" आणि इकडे माझी झोप उडाली. फोनवर सांगितलेलं तुझ्या कानात टिकत नाही, म्हणून लिहून काढते आणि फोटो काढून पाठवते. पोस्टानं धाडलं तर पोचेपर्यंत नवतपा लागायचा.

तू म्हणालास, "तुमच्याकडे उणे तीस, तुला काय कळणार नागपूरच्या गरमीचं?" बरोबर आहे. पण रेझिन म्हणजे हार्डनर नावाचा दुसरा द्रव मिसळला की काचेसारखा घट्ट होणारा द्रव, त्याला बाहेरच्या हवेपेक्षा भांड्यातला ताप महत्त्वाचा, आणि त्याचा चटका मी इथंच खाल्लाय.

सप्टेंबरातली गोष्ट. गॅरेजमध्ये तेवीस-चोवीस अंश, म्हणजे रेझिनच्या कामाला सोन्यासारखी हवा. मेपलच्या एका छोट्या फळीला वरून काचेसारखा थर द्यायचा होता. दोन भाग रेझिनला एक भाग हार्डनर अशा मापानं अर्धा लिटर मिश्रण दह्याच्या रिकाम्या डब्यात कालवलं, त्यातलं थोडं फळीवर पसरलं आणि तेवढ्यात आईचा फोन आला. बाटलीवर घट्ट होण्याआधी अर्ध्या तासाचा वेळ लिहिला होता, म्हणून मी निवांत. दहा-बारा मिनिटांनी कसलासा उग्र वास आला. बघते तर डब्याची कड मऊ पडून आत वाकलेली, वरून बारीक धूर, आणि पाण्यासारखं स्वच्छ रेझिन काकवीच्या रंगाचं झालेलं. सांडशीनं धरून बाहेर खडीवर नेऊन ठेवला. तिथंही तो बराच वेळ तडतडत होता. आई फोनवर विचारतेय, "काय गं, काही लागलं का बुडाला?"

आता गंमत बघ. त्याच डब्यातलं, त्याच मिनिटाला फळीवर ओतलेलं रेझिन संध्याकाळपर्यंत बोटाला चिकटत होतं. माल एक, हवा एक. फळीवर तो पातळ पसरला होता, त्यामुळे त्याची ऊब निघून गेली. डब्यात तोच गोळा होऊन बसला, ऊब आतच कोंडली, त्या उबेनं क्रिया आणखी भडकली आणि तिनं आणखी ऊब दिली.

दिवाळीच्या रंगकामाआधी आजोबा ड्रममध्ये कळीचा चुना भिजवायचे, आठवतंय? खाली जाळ नाही, काही नाही, आणि पाणी रटरट उकळायचं. आपल्याला दहा हात लांब उभं करायचे. रेझिनमध्ये हार्डनर पडला की तसंच होतं, फक्त जरा सावकाश, आणि म्हणूनच माणूस फसतो.

दुसरं गणित. दर दहा अंशांनी या क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. पंचवीस अंशांना अर्धा तास हाताशी असेल तर पस्तीसला पाव तास, आणि पंचेचाळीसला सात-आठ मिनिटं. कालवण्यातच त्यातली चार जातात. बाबा अरल्डाइटच्या दोन ट्यूब पुठ्ठ्यावर कालवून कपाचा कान चिकटवायचे आणि लवकर धरावा म्हणून उन्हात ठेवायचे, ते याच जोरावर. पण तिथं माल होता नखाएवढा.

तुझी नदी, म्हणजे टेबलाच्या दोन फळ्यांमधली रेझिननं भरायची फट, पाच फूट लांब, आठ इंच रुंद, दोन इंच खोल. मी मांडून पाहिलं, पावणेसोळा लिटर भरतं, हिशेब तुझा जवळपास बरोबर आहे. पण तू जे नाव सांगितलंस ते रेझिन वरच्या थराचं वाटतं. ते एका वेळी तीन ते सहा मिलिमीटर ओतायचं असतं. पन्नास मिलिमीटर एकदम ओतलंस तर लकडगंजहून आणलेल्या त्या सागवानी फळ्यांच्या मधोमध माझा दह्याचा डबा होईल, फक्त तीसपट मोठा. तडे जातील, पिवळं पडेल, आणि तेवढ्या मालाचा धूर घरात झाला तर वहिनी तुला टेबलासकट गच्चीवर पाठवतील. खोल ओतकामाचं रेझिन वेगळं मिळतं, हळू चालणारं आणि पातळ. त्याला धरायला दोन-तीन दिवस लागतात. दुकानदार बदलून देत असेल तर तेच घे. तेसुद्धा बाटलीवर लिहिलेल्या कमाल जाडीला ओतू नकोस. तो आकडा वीस-चोवीस अंशांच्या खोलीसाठी असतो. निम्म्या-निम्म्यानं ओत. पहिला थर घट्ट होऊन गार झाला, पण बोटाला अजून किंचित चिकटतोय, तेव्हा दुसरा. पूर्ण कडक झाला असेल तर आधी पॉलिश पेपर मारावा लागेल. आणि धरत नाही म्हणून हार्डनर कधीही जास्त घालू नकोस. माप चुकलं की कायमचं चिकट राहतं.

हिवाळ्यात मी दुसऱ्या टोकाला जाऊन आपटले. इथं गाड्यांनाही रात्री प्लग लावून ऊब द्यावी लागते, तर गॅरेजचं काय सांगू. बाटलीतलं रेझिन साजूक तुपासारखं थिजून रवाळ झालं होतं. ते बिघडत नाही. पन्नासेक अंशांच्या पाण्यात बाटली उभी केली की पुन्हा नितळ होतं, फक्त कालवण्याआधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं. मी तेवढं केलं, गॅसचा हीटर लावला आणि स्वतःवर खूश होऊन ओतलं. पण फळी आतून थंडगार होती. ती तापत गेली तशी तिच्या छिद्रांतली हवा फुगली आणि रात्रभर एकेक बुडबुडा वर येत राहिला. वर सकाळी पृष्ठभागावर मेणासारखा बुळबुळीत पापुद्रा. बोट फिरवलं की तेलकट रेघ उठायची. गॅस जळताना वाफ आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो, ते दोन्ही हार्डनरशी मिळून हा पापुद्रा धरतात. कोमट पाण्यानं आणि घासणीनं तो निघतो. पेपर मात्र धुतल्यावरच मारायचा, नाहीतर मेण आत चोळलं जातं. आता मी फळी दोन दिवस आधी घरात आणून ठेवते, आणि हीटर विजेचा.

यातलं तुझ्या कामाचं आहे बरं. लाकूड तापत असताना ओतू नये, निवत असताना ओतावं, म्हणजे ते हवा सोडण्याऐवजी रेझिन आत ओढून घेतं. पहाटे गार असतं म्हणून तू पाचला उठून ओतशील, आणि दुपारपर्यंत लाकूड आणि रेझिन दोन्ही तापत जातील. त्यापेक्षा दिवस मावळल्यावर कर. त्याच्या आदल्या संध्याकाळी फळ्यांच्या आतल्या कडांना ब्रशनं एक पातळ हात देऊन ठेव, छिद्रं बुजतात.

आणि दादा, हात जोडते, कूलर लावू नकोस! तुझा तो वाळ्याच्या ताट्यांचा कूलर माणसांसाठी स्वर्ग आहे, पण तो खोलीत ओल भरतो, आणि ओल म्हटली की तोच पापुद्रा. एसीची खोली असेल तर ती, नाहीतर नुसतं सावलीतलं बंद दार. मिश्रण एका खोल डब्यात ठेवू नकोस, पसरट परातीत ठेव, वहिनींच्या वापरातली नव्हे. एका वेळी एक-दीड लिटरच कालव.

तापमान मोजायला लेझरचा ठिपका पाडणारी इन्फ्रारेड बंदूक मिळते, ती घे. कोविडच्या वेळी गेटवर कपाळाला लावायचे, तशी नको. त्यातल्या बऱ्याच माणसाच्या तापापुरत्याच असतात, पुढचा आकडा दाखवतच नाहीत. दर दहा मिनिटांनी भांड्याच्या मध्यावर धर. पन्नासच्या पुढे भराभर चढायला लागलं तर हळहळू नकोस, उरलेलं पातळ पसरून टाक किंवा बाहेर नेऊन मोकळ्यावर ठेव. केराच्या बादलीत तर मुळीच टाकू नकोस, पेट घेतं. हातात नायट्राइलचे मोजे हवेतच. अंगाला लागलं तर थिनरनं पुसू नकोस, साबण-पाणी. एकदा का कातडीला याची खाज लागली की ती पुढे दरवेळी उठते.

माझं ऐकशील तर एप्रिलची वाट बघूच नकोस. आत्ता फेब्रुवारीत तुमच्याकडे दिवसा तिशीच्या आसपास आणि रात्री गारवा, याहून चांगली हवा दिवाळीनंतरच मिळेल. वास्तुशांतीला टेबल महिनाभर आधी तयार असलं तर कोणी नावं ठेवत नाही.

वहिनी, तुमच्यासाठी एक. टेबल झाल्यावर त्यावर कुकर किंवा चहाचं पातेलं थेट ठेवू नका. घरी धरवलेलं हे रेझिन पन्नास-साठ अंशांना मऊ पडतं, आणि पातेल्याचं गोल तसंच उमटून राहतं. माझ्या टेबलावर एक आहे, त्यावर मी आता फुलदाणी ठेवते. आणि तो टेबल गच्चीवर मे महिन्याच्या उन्हात नेऊन फोटो काढायचा बेत यांनी केला, तर तुम्ही हाणून पाडा.

दादा, आधी बाटल्यांवरच्या लेबलांचे फोटो पाठव, दोन्ही बाजूंचे. मग एका वाटीत शंभर मिली कालवून घड्याळ लाव आणि किती मिनिटांनी वाटी गरम लागते ते मला कळव. मी तुमच्या साडेअकरा तास मागे आहे, पण रात्र असली तरी फोन कर. आईला सांग, तो दह्याचा डबा टाकला नाही, गॅरेजच्या फळीवर ठेवलाय.

तुझी,
मनू