बोगमाळोच्या म्युझियममधल्या काकांना थँक यू

नमस्कार काका,

नाव विचारायचं राहूनच गेलं. गेल्या महिन्यात नववीच्या पोरांना घेऊन नेव्हल एव्हिएशन म्युझियमला आलेली फोंड्याची बाई ती मी. एका पोराने विचारलं टीचर, एवढ्या स्पीडमध्ये पायलट बंदुकीचा नेम कसा धरतो, आणि मी बिनधास्त सांगून टाकलं की गन फिरवून! तेव्हा मागून तुम्ही हळूच म्हणालात, "फायटरची गन फिक्स असते बाई, नेम अख्ख्या विमानाने धरायचा." पोरं हसली, पण पुढचा अर्धा तास तुमच्याच मागे होती.

सुरुवात तुम्ही फुटबॉलपासून केलीत ते बेस्ट. पळणाऱ्याला पास त्याच्या पायात देता की पुढे? पुढे! मग हिशेब घातलात, गोळी सेकंदाला 800 मीटर जाते, समोरचं विमान 300 मीटरवरून आडवं चाललंय सेकंदाला 100 मीटरने, तर गोळी पोचेपर्यंत ते साधारण 37 मीटर पुढे गेलेलं असणार, म्हणजे आपल्या तीन बस एकामागे एक लावल्या तेवढं. पहिल्या महायुद्धात नेम धरायला बहुतेकदा नुसती लोखंडी रिंग आणि मणी, बाकी सगळं अंदाजपंचे.

मग पोरांना आमच्या बसमध्येच चढवलंत. डॅशबोर्डवरची पार्किंगची पावती समोरच्या काचेत दिसत होती, म्हणालात डोकं हलवा, ती रस्त्यावरून सरकते ना? रिफ्लेक्टर साईटमध्ये, म्हणजे काचेत खूण दाखवून नेम धरायच्या साधनात, लेन्स लावून तेच चित्र जणू खूप लांब नेऊन ठेवतात, मग डोकं हललं तरी खूण जागची हलत नाही. आणि ही आयडिया ग्रब नावाच्या माणसाची, 1900 सालची! बस ड्रायव्हर पण ऐकत बसला होता.

मला मात्र सगळ्यात आवडली ती दुसऱ्या महायुद्धातली जायरो साईट, जायरो म्हणजे गरगर फिरणारा भोवरा. शत्रूच्या विमानाच्या पंखांची लांबी आधी सेट करायची, थ्रॉटलची मूठ पिळून हिऱ्याच्या आकाराच्या खुणांची रिंग त्याच्याभोवती बरोबर बसवायची की अंतर कळलं, आणि आपण वळू तशी जायरोमुळे खूण मागे रेंगाळते, म्हणून ती शत्रूवर धरायला गेलं की विमानाचं नाक आपोआप पुढे जातं. कॉम्प्युटर नाही काही नाही, भोवऱ्याच्या जोरावर! पुढचं हड (HUD, पायलटच्या समोरच्या काचेवर आकडे आणि खुणा दाखवणारं यंत्र), मिग-29 चं 1980 च्या दशकातलं हेल्मेट साईट, मान वळवून बघाल तिकडे मिसाईलचं लक्ष, ते पण भारीच, पण भोवऱ्यासमोर मला फिकं वाटलं.

सी हॅरियरपाशी आलो तेव्हा तुम्ही एकदम गप्प झालात. 2016 मध्ये ही विमानं इथल्या आयएनएस हंसा या नौदलाच्या विमानतळावरूनच रिटायर झाली, आणि तुम्ही वर्षानुवर्षं त्यांचीच हड तपासायचात एवढंच बोललात.

त्या पोराने आता काचेचा तुकडा, टॉर्च आणि भिंग जोडून साईट केलीय. खूण अजून थोडी हलते. भिंग किती लांब ठेवायचं ते सांगायला एकदा शाळेत याल का? चहा आणि गरम भजी आमच्याकडून.

तुमची,
फोंड्याची सायन्स टीचर