समुपदेशक गावातूनच तयार होऊ शकतात

महोदय,

मानसोपचारतज्ज्ञांच्या टंचाईवर तुमच्या पेपरात आलेला लेख वाचला, टंचाई खरीच आहे पण मेडिकल कॉलेजांतल्या सीट्स वाढवल्या की प्रश्न सुटेल हे काही पटलं नाही. डॉक्टर तयार व्हायला वर्षं लागतात, आणि तोवर डिप्रेशनमधल्या माणसांनी काय करायचं?

शेजारच्या गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने याचं उत्तर शोधलंय. तिथल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत डिप्रेशनच्या जवळपास 500 पेशंट्सवर समुपदेशनाची ट्रायल झाली, ती 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. समुपदेशन करणारे लोक स्थानिक होते, मानसशास्त्राची डिग्री वगैरे काही नाही, फक्त खास ट्रेनिंग दिलेलं. सहा ते आठ भेटींत ते पेशंटला बंद पडलेली, मनाला बरं वाटणारी कामं हळूहळू परत सुरू करायला लावायचे. तीन महिन्यांनी ज्यांना हे समुपदेशन मिळालं त्यातले 64 टक्के आजाराच्या लक्षणांतून बाहेर आले होते, ज्यांना नाही मिळालं त्यांच्यात हेच 39 टक्के.

पण हे नुसत्या चार दिवसांच्या शिबिराने होत नाही हो. ते समुपदेशक एकमेकांच्या भेटींचं रेकॉर्डिंग ऐकून चुका दाखवायचे, वर तज्ज्ञांची देखरेख होती. म्हणून माझं म्हणणं आहे की महाराष्ट्रातही प्रत्येक आरोग्य केंद्रात असा पगारी समुपदेशक नेमावा, आणि कृपा करून हे काम आधीच दमलेल्या आशाताईंच्या गळ्यात मारू नये.

– एक वाचक, सावंतवाडी