शरीरात काय बसवले, ते रुग्णाला मराठीत लिहून द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अँजिओप्लास्टी, गुडघेबदल, पेसमेकर ही पुण्यातल्या रुग्णालयांची आता रोजची कामे झाली आहेत. पण घरी परतलेल्या माणसाला विचारा, ‘स्प्रिंग टाकलीय’, ‘मशीन बसवलंय’, ‘आत रॉड आहे’ याच्या पुढे उत्तर जात नाही. कोणत्या कंपनीचे, कोणते मॉडेल, किती वर्षे चालणार, पुढे काढायचे की नाही, हे बहुतेकांना ठाऊक नसते. दोष त्यांचा नाही. डिस्चार्जच्या दिवशी बिल आणि विम्याच्या धावपळीत इंग्रजी कागदांची फाइल हाती पडते, आणि रुग्णाला सगळे समजले असे सर्वजण धरून चालतात.

याचे सर्वांत मोठे नुकसान डीजे स्टेंटच्या रुग्णांना सोसावे लागते. दुर्बिणीतून मुतखडा फोडल्यावर मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत दोन्ही टोकांना वळलेली एक मऊ नळी ठेवतात. आतली सूज उतरेपर्यंत लघवीची वाट मोकळी राहावी, एवढेच तिचे काम. ती बहुधा काही आठवड्यांत काढायची असते. पण दुखणे थांबले की रुग्ण फिरकत नाही. हृदयातला स्टेंट जन्मभर राहतो हे ऐकलेले असते, म्हणून हाही तसाच असेल असे वाटते. महिने उलटतात तसे नळीवर क्षार बसतात, ती कडक होते, ओढताना तुटते. मग साध्या दुर्बिणीने दहा मिनिटांत होणारे काम मोठ्या शस्त्रक्रियेवर जाते, आणि फारच उशीर झाला तर मूत्रपिंडच निकामी होते. म्हणून नळी काढण्याची तारीख घरातल्या दोघांच्या फोनमध्ये आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. नळी असेपर्यंत थोडी जळजळ, क्वचित लालसर लघवी होऊ शकते. थंडी वाजून ताप आला तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

हृदयातल्या स्टेंटची चूक वेगळी. हा स्टेंट म्हणजे धातूची जाळी; तिच्यावर रक्तवाहिनीच्या आतल्या आवरणाचा थर चढेपर्यंत तिथे रक्ताची गुठळी होऊ शकते, म्हणून ॲस्पिरिनसोबत दुसरी गोळी देतात. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ती साधारण १२ महिने, आधीच ठरवून केलेल्या अँजिओप्लास्टीनंतर साधारण ६ महिने चालते. दात काढायचा म्हणून किंवा बरे वाटते म्हणून रुग्ण ती परस्पर बंद करतो आणि गुठळीने स्टेंट अचानक बुजतो. गोळी थांबवायची की नाही, हे हृदयरोगतज्ज्ञानेच ठरवायचे.

हृदयात धातूची झडप बसवलेल्यांची रक्त पातळ करण्याची गोळी तर आयुष्यभराची. पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा तपासणीतला आकडा, सर्वसाधारणपणे महाधमनीच्या झडपेला २ ते ३, मायट्रल झडपेला २.५ ते ३.५ ठेवतात, आपला आकडा कार्डावर लिहून घ्यावा. पालक, मेथी सोडू नये, पण प्रमाण रोज साधारण सारखे ठेवावे. त्यांतल्या ‘के’ जीवनसत्त्वाने गोळीचा परिणाम कमी होतो, त्यामुळे एक आठवडा भरपूर आणि पुढचा कोरा गेला की आयएनआर हेलकावतो. मेडिकलमधून अंगदुखीची गोळी परस्पर आणू नये, रक्तस्राव होऊ शकतो. दात काढण्यापूर्वी दंतवैद्याला झडपेची कल्पना द्यावी. आधी अँटिबायोटिक घ्यावे लागते.

एमआरआयबाबत दोन टोके दिसतात. हृदयातला स्टेंट आणि टायटॅनियमची प्लेट असलेल्यांना बहुतेक वेळा एमआरआय चालतो, तरी भीतीपोटी तपासणी टाळली जाते. उलट पेसमेकरच्या बिलावर ‘एमआरआय चालतो’ एवढे वाचून लोक निर्धास्त होतात. यंत्र आणि हृदयात गेलेल्या तारा, दोन्ही त्यासाठी मान्य असाव्या लागतात. जुनी तार आत सोडलेली असेल तर हिशेब बदलतो. तपासणीआधी यंत्र एमआरआय मोडवर टाकावे लागते आणि नंतर आठवणीने पूर्ववत करावे लागते. मेंदूतल्या रक्तवाहिनीवरची जुनी क्लिप आणि ऐकू येण्यासाठी बसवलेले कानातले कॉक्लिअर इम्प्लांट यांची माहिती दिल्याशिवाय त्या खोलीत पाऊलही टाकू नये. तपासणी सुरू नसली तरी तिथला चुंबक चालूच असतो.

पेसमेकर असलेल्यांना टीव्ही, मिक्सर, मायक्रोवेव्ह यांची धास्ती नको. मोबाइल मात्र शर्टाच्या खिशात नको. यंत्रापासून १५ सें.मी. दूर, विरुद्ध बाजूच्या कानाला. इंडक्शन शेगडीपासून ६० सें.मी. अंतर ठेवा. चाकण, भोसरीत वेल्डिंग करणाऱ्यांनी कामावर परतण्याआधी डॉक्टरांशी बोलावे. मेट्रो स्थानकाच्या मेटल डिटेक्टरमधून नेहमीच्या चालीने जावे. गणपतीच्या दर्शनरांगेत मात्र लोक त्या चौकटीतच उभे राहतात, तिथे थांबू नये. मोठ्या स्पीकरला छाती टेकवू नये, त्यात जबर चुंबक असतो. प्रदर्शनांत विकतात त्या चुंबकीय गाद्या आणि पट्टे या रुग्णांसाठी नाहीत.

एक गोष्ट बोलायला जड जाते, पण घरच्यांना माहीत हवी. पेसमेकर दहनापूर्वी काढावाच लागतो. त्यातली बंदिस्त बॅटरी उष्णतेने फुटते. वैकुंठ स्मशानभूमीतल्यासारख्या विद्युत किंवा गॅस दाहिनीचे नुकसान होते, कर्मचाऱ्यांना इजा होऊ शकते. मृत्यूनंतर लगेच डॉक्टरांना सांगून तो काढून घ्यावा. ठोके धोकादायकरीत्या बिघडल्यास हृदयाला शॉक देणारे यंत्र (आयसीडी) असेल तर ते आधी बंद करावे लागते.

या सगळ्याला आधार एकाच कागदाचा. इम्प्लांटच्या, म्हणजे शरीरात बसवलेल्या वस्तूच्या, खोक्यावर कंपनी, मॉडेल, सिरियल किंवा लॉट क्रमांक असलेले स्टिकर असते. ते फाइलला लावून घ्या, फोटो मोबाइलमध्ये ठेवा. २०१० मध्ये धातूवर धातू घासणारा एक कृत्रिम खुबा जगभरातून परत मागवला गेला, तेव्हा भारतातल्या हजारो रुग्णांचा पत्ताच लागला नाही. इम्प्लांटमध्ये दोष वाटला तर १८००-१८०-३०२४ या सरकारी मोफत क्रमांकावर कळवता येते; तिथेही हाच तपशील लागतो.

२०१७ मध्ये स्टेंटच्या किमतींना मर्यादा आली, तेव्हा बिलावर स्टेंटचे नाव, उत्पादक आणि बॅच क्रमांक वेगळा लिहिण्याचे बंधन आले. तेच प्रत्येक इम्प्लांटला लागू करावे, आणि सोबत एक मराठी पान द्यावे : काय बसवले, कधी बसवले, पुढची तपासणी किंवा काढण्याची तारीख, एमआरआय चालतो का, कोणती गोळी थांबवायची नाही, रात्री त्रास झाला तर कोणाला फोन करायचा. खासगी रुग्णालयांची नोंदणी आणि तपासणी महापालिकेचा आरोग्य विभाग करतो. तपासणीच्या वेळी दरपत्रक भिंतीवर आहे का हे पाहतात, तशाच इम्प्लांटच्या पाच-दहा फायलीही उघडून पाहाव्यात.

आपला,
एक बायोमेडिकल अभियंता, पुणे