आईच्या खोकल्याबद्दल

तीर्थरूप नाना व आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आईचा दम ऐकला आणि झोप लागली नाही. आई, ‘वय झालं, सांधे धरलेत’ म्हणतेस. संधिवाताने बोटं नि गुडघे धरतात हे खरं, पण दम आणि कोरडा खोकला त्याच खात्यात टाकून गप्प बसू नकोस.

नाना, कारखान्यात तुम्ही बॉयलरच्या पाइपांवरचं पांढरं वेष्टण काढायचे-चढवायचे, ते अ‍ॅस्बेस्टॉसचं, म्हणजे बारीक तंतूंच्या खनिजाचं होतं. तुमचे त्या धुळीने भरलेले कपडे आई अंगणात झटकून धुवायची. ते तंतू डोळ्यांना दिसतही नाहीत. श्वासातून आत गेले की फुप्फुसात अडकतात आणि त्रास वीस-तीस वर्षांनीही सुरू होतो. कामगारांचे कपडे धुणाऱ्या बायकांनाही तो झालेला आहे.

संधिवात असेल तर मामला आणखी गुंतागुंतीचा. १९५३ मध्ये डॉ. कॅप्लन यांना वेल्समधल्या संधिवात असलेल्या कोळसा कामगारांच्या फुप्फुसांत गोल गाठी दिसल्या. पुढे सिलिका आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीतल्या माणसांतही तसं आढळलं. शिवाय संधिवात स्वतःच फुप्फुसं कडक करू शकतो आणि संधिवातासाठीची तुझी आठवड्याची मेथोट्रेक्झेटची गोळीही क्वचित त्यांना सूज आणते. कारण कुठलंही असो, दम नि खोकला सारखाच. म्हणून गोळी मनाने बंद करू नकोस, डॉक्टरांना ठरवू दे.

पण त्यांना कळणार कसं? तुझ्या फाइलवर व्यवसायापुढे नुसतं ‘गृहिणी’ लिहिलंय! धुळीच्या कपड्यांबद्दल आपण होऊन सांगायला हवं. साध्या एक्स-रेत सुरुवातीचा बिघाड नजरेतून सुटू शकतो, म्हणून छातीचा सीटी स्कॅन लागेल का आणि फुंकर मारून करतात ती फुप्फुसांची तपासणी करायची का, हे विचारू.

नाना, तुमचीही तपासणी करायचीच आहे. आणि बिडी आता सोडाच. अ‍ॅस्बेस्टॉस आणि धूर मिळून फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका फार वाढतो, हे तुम्हाला हात जोडून सांगते.

पावसाळ्याआधी गोठ्यावरचे जुने सिमेंटचे पत्रे बदलायचं चाललंय ना? त्यांतही अ‍ॅस्बेस्टॉस असतं. मी येईपर्यंत कुणाला हातोडा घालू देऊ नका. ते न फोडता, पाणी मारून, अख्खेच उतरवायचे. तेव्हा आई तिथे नको.

शनिवारी भुसावळला उतरते. सोमवारी जळगावला छातीच्या डॉक्टरांकडे जाऊ. जुने एक्स-रे नि गोळ्यांच्या चिठ्ठ्या काढून ठेवा.

तुमची,
ताई