पोटात दुखतं म्हणाली, निघाला घसा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी दुसरीत आहे. गेल्या महिन्यात सकाळी पोटात दुखतंय म्हणून रडायला लागली, आम्हाला वाटलं गणिताची टेस्ट आहे म्हणून नाटक चाललंय, अंग जरा गरम लागत होतं तर तापाचं सिरप पाजलं आणि दिली धाडून शाळेत. दुपारी फोन आला, उलटी झालीय, घेऊन जा. संध्याकाळी डॉक्टरांनी तोंडात टॉर्च मारला आणि मलाही वाकून बघायला लावलं, टॉन्सिल लालभडक सुजलेले, त्यावर पांढरे डाग, टाळ्यावर बारीक लाल टिपके, जबड्याखाली गाठी तर माझ्या हातालाच लागल्या. घशाचा स्वॅब घेतला आणि स्ट्रेप निघाला.

स्ट्रेप म्हणजे घशाचं बॅक्टेरियाचं इन्फेक्शन, 5 ते 15 वर्षांच्या मुलांना जास्त होतं. नाक गळतंय, खोकला आहे, आवाज बसलाय तर बहुतेक व्हायरल असतं आणि त्यात अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही, पण घसा अचानक दुखायला लागला, ताप आला, आवंढा गिळताना डोळ्यात पाणी येतंय आणि खोकल्याचा पत्ताच नाही, तर टेस्ट करून घ्यावी. अंगावर सँडपेपरसारखी खरखरीत लाल पुरळ दिसली तर लगेच दाखवा. आणि लहान मुलं घसा दुखतोय असं म्हणतीलच असं नाही हो, डोकं नाहीतर पोट म्हणतात.

लागण झाली की 2 ते 5 दिवसांनी त्रास सुरू होतो. खोकणं, शिंकणं, एकमेकांच्या बाटलीला तोंड लावणं, एवढं पुरतं. अँटिबायोटिक सुरू केल्यावर साधारण 12 ते 24 तासांत दुसऱ्याला लागायचा धोका बराच कमी होतो, म्हणजे ताप उतरेपर्यंत आणि औषधाचा निदान पहिला दिवस तरी पोर घरी ठेवलं तरी खूप झालं. सिरपने ताप उतरतो, जंतू तिथेच असतात, हे मला आत्ता कळलं!

तिसऱ्या दिवशी ही घरभर उड्या मारायला लागली, सासूबाई म्हणाल्या आता कशाला गं औषध. पण डॉक्टरांनी 10 दिवसांचा कोर्स दिला होता, तो पुरा केला. अर्धवट सोडलं तर पुढे काही आठवड्यांनी र्‍हुमॅटिक फिव्हर होऊ शकतो आणि त्यात हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात, हे ऐकल्यावर सासूबाईच वेळेवर चमचा घेऊन उभ्या राहायच्या.

आता शाळांना विनंती, ते शंभर टक्के हजेरीचं सर्टिफिकेट बंद करा. त्याच्यापायी आमच्यासारखे किती आईबाप तापातली पोरं वर्गात पाठवत असतील देव जाणे, आणि एका बेंचवर तीन मुलं. मागच्या वर्षीचं आम्ही फ्रेम करून लावलंय, यंदा मिळणार नाही म्हणून बाईसाहेब अजून फुगून बसल्यात.

आपली,
एक पालक