वारा समोरून होता, तरी उड्डाणे का थांबवली?

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

महूच्या पुढे विंध्याच्या कड्यावर गेल्या शनिवारी आणि रविवारी झालेल्या पॅराग्लायडिंग स्पर्धेविषयी आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत जी नाराजी व्यक्त झाली, ती वाचून हे पत्र लिहीत आहे. इंदूरहून मुलाबाळांना घेऊन गेलेल्या माणसांना दोन दिवसांत मिळून जेमतेम एक फेरी पाहायला मिळाली, त्यामुळे आयोजन फसले असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. मी मात्र दोन्ही दिवस तेथे वाऱ्याच्या नोंदी घेणाऱ्या स्वयंसेवकांत होतो आणि माझी धाकटी मुलगी स्पर्धकांत होती. शनिवारची उड्डाणे रद्द करण्याचा आणि रविवारी साडेदहालाच स्पर्धा थांबवण्याचा निर्णय हा त्या आयोजनातला सर्वांत चांगला भाग होता, असे माझे ठाम मत आहे. त्यामागची कारणे तेथे माइकवरून कोणी नीट सांगितली नाहीत, म्हणून ती येथे मांडतो.

एका पत्रलेखकांनी विचारले आहे, की टेक-ऑफवरचा, म्हणजे उडण्याच्या जागेवरचा, विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) शनिवारी दुपारी दरीच्या बाजूने, म्हणजे समोरून, छान भरत होता आणि वाराही बेताचा होता, मग वैमानिकांना अडवले कशासाठी? प्रश्न रास्त आहे, कारण समोरून येणाऱ्या वाऱ्यातच पंख उभा करून उडायचे असते हे त्यांचे म्हणणे बरोबरच आहे. उत्तर त्या कड्याच्या रचनेत आहे. माळव्याचे पठार दक्षिणेला एकदम तुटते आणि खाली निमाड लागतो. कड्याचे तोंड दक्षिणेला असल्यामुळे दक्षिणेकडून किंवा नैर्ऋत्येकडून आलेला वाराच त्यावर आदळून वर चढतो आणि पंखाला उचलून धरतो. त्या दोन दिवसांत खरा वारा वायव्येचा होता. तो पठारावरून येऊन कड्यावरून खाली कोसळत होता. महेश्वरजवळ सहस्रधारेला खडकांच्या मागे नर्मदेचे पाणी जसे उलटे फिरून भोवरे करते, तशीच कड्याच्या आडोशाला हवा उलटी फिरते. वैमानिक तिला रोटर म्हणतात. दुपारच्या उन्हाने दक्षिणेचा उतार तापला, की गरम हवेचे लोट, म्हणजे थर्मल, वर उठतात आणि उठताना दरीतली हवा टेक-ऑफकडे ओढून घेतात. तेवढ्यापुरता विंडसॉक समोरून भरतो, पण कड्याच्या माथ्यावर वारा पाठीमागूनच वाहत असतो. त्या झुळकीवर विश्वास ठेवून उडालेला माणूस उचलला जाईल तो थेट या दोन हवांच्या झगड्यात.

हे अंदाजाने बोलत नाही. आमच्याकडे दोन नोंदवह्या होत्या, एक टेक-ऑफवर आणि दुसरी मागे पठारावरच्या मोकळ्या शेतात. शनिवारी दुपारी बारा वाजता पहिलीत ताशी 12 किलोमीटरचा समोरचा वारा लिहिलेला आहे, तर त्याच वेळी दुसरीत वायव्येकडून ताशी 28 किलोमीटर, आणि मध्येच येणारे झोत 38 पर्यंत. प्रेक्षक उभे होते तेथून फक्त पहिली गोष्ट दिसत होती.

आता हे आकडे पंखाच्या हिशेबात पाहावेत. पॅराग्लायडरच्या पंखात सांगाडा नसतो. पुढच्या तोंडांतून शिरलेली हवा कप्प्यांत भरते आणि तिच्याच दाबावर कापड आपला आकार धरून ठेवते, म्हणून हवा खवळली की पंखाची एखादी बाजू मिटू शकते. साधारण पंखाचा हवेतला वेग वैमानिकाने ब्रेक, म्हणजे वेग कमी करण्याच्या हातातल्या दोऱ्या, पूर्ण सोडले असता ताशी 36 ते 38 किलोमीटर असतो. वेग वाढवण्यासाठी असलेला स्पीडबार नावाचा दांडा पायाने दाबून तो 50च्या आसपास नेता येतो, मात्र त्या अवस्थेत पंख मिटला तर तो अधिक जोराने मिटतो. म्हणजे ताशी 38 किलोमीटरच्या झोताला तोंड देताना साधारण पंख जमिनीच्या हिशेबाने जागच्या जागी उभा राहतो किंवा मागे ढकलला जातो. शिवाय वाऱ्याचा वेग 20 वरून 30 झाला तर त्याचा दाब दीडपट होत नाही, सव्वादोन पट होतो. देवासजवळच्या टेकड्यांवर पवनचक्क्या उभ्या आहेत त्या याच माळव्याच्या वाऱ्याच्या भरवशावर, आणि त्याची ताकद आपण इंदूरकर एरवी कौतुकाने सांगतो.

रविवारची स्पर्धा जमिनीवरच्या खुणेवर अचूक उतरण्याची होती. या प्रकाराच्या आंतरराष्ट्रीय नियमांत वाऱ्याची कमाल मर्यादा सेकंदाला 7 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 25 किलोमीटर आहे. सकाळी हवा जवळजवळ शांत होती आणि पहिली फेरी सुरेख पार पडली. मग रात्रीची जमिनीलगत साचलेली थंड हवा उन्हाने तापून वर जाऊ लागली, वरचा वारा खाली उतरू लागला आणि दहाच्या सुमारास खुणेजवळच्या यंत्रावर 7 हा आकडा पुन्हा पुन्हा ओलांडला गेला. दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला एका स्पर्धकाच्या पंखाची उजवी बाजू उतरण्याच्या मार्गावर असताना मिटली. उंची होती म्हणून पंख पुन्हा भरला आणि तो दोन पायांवर उतरला. आणखी खाली हे घडले असते तर राखीव पॅराशूट उघडायलाही अवकाश राहिला नसता. स्पर्धा संचालकांनी त्याच क्षणी रेडिओवरून टेक-ऑफ बंद केला.

रांगेत पुढचा क्रमांक माझ्या मुलीचा होता. ती हार्नेस चढवून, पंख जमिनीवर पसरून उभी होती. पुण्याजवळच्या कामशेतला पॅराग्लायडिंग शिकून आल्यापासून या शनिवार-रविवारसाठी तिने किती सकाळी मैदानावर पंख सांभाळण्याचा सराव केला होता हे मला ठाऊक आहे, आणि निर्णय ऐकल्यावर तिचा चेहरा कसा उतरला तेही मी पाहिले. तासाभराने पंखाची घडी घालताना ती म्हणाली, ‘बाबा, मला कोणी थांबवलं नसतं तर मी गेले असते.’ संपादक महोदय, हे वाक्य मला अजून सोडत नाही. ती उतावळी मुलगी नाही. एरवी वारा पाहून टेकडीवरून न उडता परत आल्याचे तिचे कितीतरी दिवस आहेत. स्पर्धेत मात्र आधीचा गेला की मागचा जातो, गुण डोळ्यांसमोर असतात, खाली माणसे टाळ्या वाजवत असतात. म्हणूनच लांब पल्ल्याच्या स्पर्धांत हवेतले वैमानिक रेडिओवरून परिस्थितीची पातळी 1, 2 किंवा 3 अशी कळवतात आणि 3, म्हणजे धोक्याची पातळी, आली की टास्क, म्हणजे त्या दिवशीची ठरवून दिलेली फेरी, थांबवण्याचा अधिकार संचालकाकडे असतो.

कसलेल्या माणसांचेही अंदाज चुकतात. फेब्रुवारी 2007 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मॅनिला गावाजवळ जागतिक स्पर्धेच्या तयारीची उड्डाणे चालू असताना जर्मनीच्या एवा विस्निएर्स्का वादळी ढगात ओढल्या जाऊन 9,946 मीटर उंचीवर पोहोचल्या. त्या बेशुद्धावस्थेत कितीतरी वेळ हवेत होत्या आणि आश्चर्याने वाचल्या. त्याच दिवशी त्याच ढगाने एका चिनी वैमानिकाचा बळी घेतला. दोघेही अनुभवी होते.

आयोजकांचे काहीच चुकले नाही असे मात्र मी म्हणणार नाही. निमंत्रणपत्रिकेवर दोन्ही दिवस सकाळी नऊ ते सायंकाळी पाच ‘अखंड उड्डाणे’ असे छापले होते, आणि वाऱ्याच्या खेळाविषयी असे वचन देणेच चूक होते. शनिवारी उन्हात बसलेल्या माणसांना दोन तास कोणी काही सांगितले नाही. पाहुणे आल्यावर निदान एक तरी उड्डाण दाखवा, असा आग्रह मी स्वतः ऐकला, आणि दोन आसनी पंखावरून पाहुण्यांपैकी कोणाला फिरवून आणता येईल का, हीही विचारणा झाली. क्लबच्या मंडळींनी हात जोडून नकार दिला याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत, पण असा आग्रह त्यांच्यापर्यंत पोहोचताच कामा नये. सत्कार आणि भाषणे उड्डाणांच्या वेळापत्रकापासून वेगळी ठेवावीत.

हिमाचल प्रदेशाने हवाई खेळांसाठी 2004 मध्येच नियम केले आणि केंद्राचे हवाई क्रीडा धोरण 2022 मध्ये आले, त्यातही पॅराग्लायडिंगचा समावेश आहे. आपल्या जिल्ह्यात पुढची स्पर्धा होईल तेव्हा परवानगी देतानाच प्रशासनाने वाऱ्याची मर्यादा किती आणि ती ओलांडल्यास स्पर्धा थांबवण्याचा अंतिम अधिकार कोणाचा, हे लेखी घ्यावे. क्लबने प्रेक्षकांच्या बाजूला एक मोठा फळा लावून टेक-ऑफ, पठार आणि उतरण्याची जागा या तिन्ही ठिकाणचे आकडे दर पंधरा मिनिटांनी हिंदीत आणि मराठीत लिहावेत. ते लिहिण्याचे काम मी आनंदाने करीन. एक सोमवार राखीव ठेवावा, आणि ज्यांनी वाहनतळाचे व जागेचे पैसे भरले त्यांना उड्डाणे न झाल्यास ते परत मिळतील असे आधीच जाहीर करावे. या वेळच्या दोन्ही नोंदवह्या माझ्याकडे आहेत. ज्या पत्रलेखकांनी विंडसॉकबद्दल विचारले, त्यांना त्या पाहायच्या असतील तर आपल्या कार्यालयात आणून देण्याची माझी तयारी आहे.

आपला नम्र,
एक वाचक
लोकमान्यनगर, इंदूर